आइसलंडचा दक्षिण किनारा आणि हिमनद्या, स्वतः गाडी चालवत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आइसलंडमध्ये भाड्याची गाडी घेऊन हिमनद्या आणि समुद्रकिनारा पाहण्याच्या बेताबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात ठिकाणांची लांबलचक यादी आहे, पण वाऱ्याचा उल्लेख एकाही पत्रात नाही. तिथला दिवस मात्र वाराच ठरवतो, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न: आम्ही चौघं जूनमध्ये सहा रात्रींसाठी जाणार आहोत. अख्खा रिंग रोड करायचा विचार आहे. रोजचे २२० किलोमीटर म्हणजे फार नाहीत ना?

भागाकार बरोबर आहे, तरीही हा बेत सोडून द्या. रिंग रोड, म्हणजे रस्ता क्रमांक १, सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. पण तुम्हाला पाहायच्या असलेल्या जवळपास सगळ्या जागा रेक्याविक ते हॉप्न या साडेचारशे किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. सहा रात्रींत पूर्ण फेरी मारलीत तर पूर्व आणि उत्तर भागातले दोन-अडीच दिवस नुसते गाडीत जातील आणि हिमनदीवर चालायला अर्धा दिवसही उरणार नाही. हॉप्नपर्यंत जा आणि त्याच रस्त्याने परत या. तोच रस्ता दोनदा येतो म्हणून बरेच जण नाराज होतात. प्रत्यक्षात हाच या बेताचा मोठा फायदा आहे, कारण जाताना पावसात हुकलेली जागा येताना पाहता येते.

रेक्याविकपासूनची अंतरं अशी: सेल्यालांद्सफॉस धबधबा सुमारे १२५ किलोमीटर, स्कोगाफॉस १५५, विक १८७, क्लौस्तुर (पूर्ण नाव किर्क्युबायारक्लौस्तुर, पण तिथेही सगळे छोटंच नाव वापरतात) २५८, स्काफ्ताफेल ३२७, योकुलसारलोन (हिमनगांचं सरोवर) ३८०, हॉप्न ४५८. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे. वाटेतले थांबे, अरुंद पूल आणि वारा धरला तर सरासरी ६० ते ६५ पडते. नकाशा दोन तास दाखवत असेल तर तीन धरा.

रात्रींची वाटणी अशी करा. पहिली रात्र रेक्याविक किंवा सेलफॉसमध्ये काढा. लांबच्या विमानप्रवासानंतर, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याच्या पहिल्याच दिवशी विक गाठायचा हट्ट नको. दुसरी रात्र विकमध्ये. तिसरी आणि चौथी स्काफ्ताफेल ते हॉप्न या पट्ट्यात, शक्यतो एकाच ठिकाणी. पाचवी परतताना हेल्ला किंवा क्वोल्सव्होल्लुरला आणि सहावी केफ्लाविक विमानतळाजवळ. पूर्वेकडे दोन रात्री ठेवण्याचं कारण सरळ आहे. हिमनदीवरची चाल आणि सरोवरातली बोट दोन्ही हवामानामुळे रद्द होतात. पहिल्या दिवशी रद्द झाली तरी दुसरा दिवस हाताशी असतो. स्काफ्ताफेलच्या आसपास राहायच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या कित्येक महिने आधी भरतात. म्हणून आरक्षण पूर्वेकडून सुरू करा आणि बाकीच्या रात्री त्यानुसार बसवा. रेक्याविकपासून क्रमाने आरक्षण करणाऱ्यांना शेवटी हॉप्नच्याही पलीकडची खोली मिळते आणि रोजचे शंभरेक किलोमीटर वाढतात.

जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो, त्याचा उपयोग करा. सेल्यालांद्सफॉसचं तोंड पश्चिमेकडे आहे. दुपारी तिथे बसगाड्यांची गर्दी असते आणि रात्री आठनंतर तोच धबधबा तिरप्या उन्हात जवळजवळ मोकळा मिळतो. धबधब्यामागून जाणाऱ्या वाटेवर माणूस पूर्ण भिजतो, त्यामुळे जलरोधक जाकीट आणि पँट दोन्ही लागतात.

प्रश्न: निळी हिमगुहा, पफिन पक्षी आणि उत्तरेचा प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स), तिन्ही दिसतील असा महिना कोणता?

असा महिना नाही. पफिन विकजवळच्या दिरहोलाएच्या कड्यांवर साधारण मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतात. व्हात्नायोकुल या हिमटोपीच्या (डोंगरमाथे झाकणाऱ्या बर्फाच्या जाड थराच्या) नैसर्गिक निळ्या गुहा साधारण नोव्हेंबर ते मार्च याच काळात दाखवल्या जातात. उत्तरेच्या प्रकाशासाठी काळोख लागतो, म्हणजे ऑगस्टअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ. तिन्हींतली एक गोष्ट निवडा आणि तिच्याभोवती सहल आखा.

पहिल्यांदाच तिथे गाडी चालवणार असाल तर जून ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हाच काळ घ्या, असा आमचा आग्रह आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला बोटी चालू असतात, रस्त्यावर सहसा बर्फ नसतो आणि रात्री आकाश काळं होतं, म्हणजे प्रकाश दिसण्याची संधी असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रेक्याविकला उजेड जेमतेम चार तास असतो. त्या चार तासांत निसरड्या रस्त्यावरून शंभर-दीडशे किलोमीटर आणि दोन थांबे, एवढंच जमतं. हिवाळ्यात गुहाच पाहायची असेल तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च घ्या. तेव्हा दिवस दहा-बारा तासांचा असतो आणि गुहाही सहसा खुल्या असतात.

प्रश्न: चारचाकी ड्राइव्हची गाडी घ्यावी का? विम्याचे इतके प्रकार दिसतात, त्यातले कोणते आवश्यक?

उन्हाळ्यात रस्ता क्रमांक १ आणि त्यावरून फुटणारे हिमनद्यांकडचे छोटे रस्ते साध्या दोनचाकी ड्राइव्हच्या गाडीने व्यवस्थित होतात. नावाआधी ‘एफ’ अक्षर असलेले डोंगरी रस्ते वेगळे. तिथे चारचाकी ड्राइव्ह कायद्याने सक्तीची आहे, ते साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून टप्प्याटप्प्याने उघडतात आणि अनेकांवर पूल नसलेल्या नद्या ओलांडाव्या लागतात. या बेतात त्यांची गरज नाही. ऑक्टोबर ते एप्रिल मात्र चारचाकी ड्राइव्ह आणि हिवाळी टायर हवेत. खिळ्यांचे टायर १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल या काळात वापरता येतात, ते मागून घ्या. कडक बर्फावर चारचाकी ड्राइव्ह गाडी पुढे ढकलायला मदत करते. थांबवण्याचं काम टायरच करतात.

गियर स्वयंचलित घ्या. तिथे सुकाणू डाव्या बाजूला असतं, त्यामुळे साध्या गाडीत गियर उजव्या हाताने टाकावा लागतो आणि पहिले दोन दिवस लक्ष तिकडेच राहतं. इंडिकेटरची दांडीही डावीकडे असते. वळताना सवयीने उजवी दांडी ओढली की वायपर सुरू होतात आणि मागच्या गाडीला वळणार असल्याचं कळतच नाही. विमानतळाच्या वाहनतळावर दहा मिनिटं फिरून हात बसवून घ्या.

परवान्याबाबत: रोमन लिपीत छापलेला, फोटो असलेला, मुदतीतला परवाना चालतो. भाडेकंपन्या साधारणपणे किमान वय २० सांगतात, मोठ्या गाड्यांसाठी त्याहून जास्त. परवाना निदान वर्षभर जुना असावा अशीही अट असते.

विम्याचं थोडं नीट समजून घ्या. टक्कर-नुकसान विमा बहुतेक भाड्यात धरलेला असतो, पण त्यात तुमच्यावर येणारी रक्कम मोठी असते. ती कमी करणारा वाढीव विमा घ्यावा. खडी-विमा काच, दिवे आणि पुढच्या रंगासाठी असतो. समोरच्या गाडीच्या चाकाखालून उडालेली खडी काचेला तारा पाडते आणि हे नुकसान सर्रास होतं, म्हणून तो घ्याच. वाळू आणि राख यांचा विमा खास दक्षिण किनाऱ्यासाठीच आहे. मिरदाल्ससांदुर आणि स्केदारारसांदुर ही काळ्या वाळूची मोकळी मैदानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. वादळी वाऱ्यात ती वाळू गाडीच्या एका बाजूचा रंग पत्र्यापर्यंत घासून काढते आणि काचा दुधाळ करते. एका तासाच्या प्रवासात अख्ख्या गाडीचं रंगकाम भरून द्यावं लागू शकतं.

आणि कोणताही विमा घेतला तरी तीन गोष्टी सहसा बाहेर राहतात: वाऱ्याने उलटं वाकलेलं दार, नदी ओलांडताना इंजिनात गेलेलं पाणी आणि गाडीच्या पोटाला लागलेला मार. दाराचं नुकसान सगळ्यांत जास्त होतं आणि ते पूर्ण टाळता येतं. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, म्हणजे वारा दार मिटायला बघतो. पाठीमागून वारा असताना दार उघडलं तर ते हातातून निसटून पुढच्या पत्र्यावर आदळतं आणि बिजागरी कायमची वाकते. दार दोन्ही हातांनी धरून उघडा, एका वेळी एकानेच उतरा आणि मुलांच्या बाजूचं दार बाहेरून मोठ्यांनी उघडा.

गाडी ताब्यात घेताना काच, चाकांच्या कडा, छप्पर आणि खालचा बंपर यांचं चित्रीकरण करा. विजेच्या गाडीवर २०२४ पासून आणि सगळ्याच गाड्यांवर २०२६ पासून प्रति किलोमीटर सरकारी शुल्क आहे. करारात ते वेगळं दिसतं आणि भाड्याच्या तुलनेत धरायचं राहून जातं.

प्रश्न: हवामानाचा अंदाज मीटर प्रति सेकंदात असतो. त्यावरून निघायचं की थांबायचं, हे कसं ठरवायचं?

आकड्याला ३.६ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. १० मीटर म्हणजे ताशी ३६, १५ म्हणजे ५४, २० म्हणजे ७२ आणि २५ म्हणजे ९०. सरासरी वारा १५ पर्यंत असेल तर साधी गाडी सांभाळून चालवता येते. उंच कॅम्परव्हॅनने मात्र १५ लाच थांबायला हवं. तिची उभी बाजू मोठी, वजन वर आणि आडवा झोत बसला की ती पलीकडच्या मार्गिकेत जाते. २० च्या पुढे कुठल्याही भाड्याच्या गाडीने निघू नका.

यात फसगत होते ती सरासरी आकड्यामुळे. दक्षिण किनाऱ्यावर डोंगर आणि हिमटोपी रस्त्याला खेटून आहेत. वारा हिमटोपीवरून खाली कोसळतो, डोंगराच्या कोपऱ्याभोवती आवळला जातो आणि तिथे झोताचा वेग सरासरीच्या दीडपट, कधी दुपटीपर्यंत जातो. एयाफ्योल डोंगरांचा पायथा, विकजवळचा रेनिसफ्याल आणि ओरायफायोकुलचा पायथा, म्हणजे स्काफ्ताफेल ते योकुलसारलोन हा भाग, या तीन जागा त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. अशा ठिकाणांआधी रस्त्याकडेला विजेचे फलक आहेत. त्यांवर तापमान, सरासरी वारा आणि झोताचा वेग दिसतो. निर्णय झोताच्या आकड्यावर घ्या. आडोशाच्या गावात हवा शांत असते आणि पाच किलोमीटरवर झोत ३० मीटरचे असतात, हे तिथे नेहमीचं आहे.

सकाळचा क्रम असा ठेवा. आइसलंडच्या हवामान खात्याचा विभागवार वाऱ्याचा नकाशा तीन-तीन तासांच्या टप्प्यांनी पाहा. पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा आहे का, ते बघा. पिवळ्यात बेत छोटा करा, नारिंगीत मुक्काम हलवू नका. मग रस्ते प्रशासनाचा नकाशा उघडा. त्यावर बंद रस्ते लाल दिसतात. तीच माहिती १७७७ या क्रमांकावर फोन करूनही मिळते. दुपारी वादळ येणार असेल तर पहाटे निघून पुढचा मुक्काम आधीच गाठणं शहाणपणाचं. उन्हाळ्यात पहाटे चारलाही उजेड असतो, त्यामुळे हे सहज जमतं. रस्त्यावर आडवं फाटक लावलेलं असेल तर त्याला वळसा घालून कधीही जाऊ नका. दंड होतो, विमा गळून पडतो आणि सोडवायला येणारे बचाव पथकातले लोक स्वयंसेवक असतात. आपल्यामुळे त्यांचा जीव धोक्यात घालण्याचा आपल्याला काहीच अधिकार नाही.

प्रश्न: तिथले वाहतुकीचे नियम थोडक्यात सांगाल का?

गावात ताशी ५०, खडीच्या रस्त्यावर ८०, डांबरी रस्त्यावर ९०. पुढचे दिवे दिवसाही चालू, पट्टा सगळ्यांना सक्तीचा. दोन मार्गिकांच्या चौकचक्रात (राउंडअबाउटमध्ये) आतल्या मार्गिकेतल्या गाडीला बाहेर पडताना अग्रहक्क असतो. हा नियम अनेकांना उलटा वाटतो आणि रेक्याविकमध्येच अपघात होतो. रस्ता सोडून वाळूत किंवा शेवाळावर गाडी घालणं हा गुन्हा आहे आणि दंड जबर आहे.

एकेरी पुलांआधी ‘एनब्रेद ब्रू’ अशी पाटी येते. पुलाजवळ आधी पोचलेली गाडी आधी जाते. अंतर सारखं वाटलं तर आपण थांबायचं, कारण पलीकडे मालवाहू ट्रक असेल तर त्याला थांबायला कितीतरी जास्त जागा लागते. ‘ब्लिंदहाइद’ म्हणजे चढापलीकडचं दिसत नाही, वेग कमी करून अगदी उजवी कड धरा. डांबर संपून खडी सुरू होते तिथे ब्रेक दाबू नका. आधीच वेग ५० वर आणा. खडीवर जोरात ब्रेक दाबला की चाकं घसरतात आणि गाडी आडवी होते. उन्हाळ्यात मेंढ्या रस्त्यालगत असतात. आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की एकजण रस्ता ओलांडणार हे नक्की समजा.

फोटोसाठी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणं हा तिथल्या पर्यटकांचा सगळ्यांत धोकादायक दुर्गुण आहे. रस्त्याला सोडलेली कड जवळजवळ नसतेच. पुढे दर काही किलोमीटरवर थांबा येतो, तिथपर्यंत जा.

प्रश्न: सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांच्या आई आहेत. हिमनदीवरची चाल सगळ्यांना जमेल का? कपडे काय लागतात?

मुलाला बहुधा जमेल, पण वयाची अट तपासा. सोप्या चालींसाठी बहुतेक संस्था किमान ८ किंवा १० वर्षं सांगतात आणि अडचण मुख्यतः क्रॅम्पॉनच्या, म्हणजे बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातेरी चौकटींच्या, मापाची असते. अगदी लहान बुटाला ते घट्ट बसत नाहीत, आणि सैल क्रॅम्पॉन धोक्याचा. आरक्षण करताना मुलाच्या बुटाचं युरोपीय माप कळवा.

चालीच्या दोन जागा आहेत. सोलहेमायोकुल रस्ता क्रमांक १ पासून चार-पाच किलोमीटर आत, विकच्या अलीकडे आहे. स्काफ्ताफेलच्या परिसरात फाल्योकुल आहे. वेळ कमी असेल तर सोलहेमायोकुल ठीक. निवड करता येत असेल तर स्काफ्ताफेल घ्या. तिथे बर्फ उंच कड्यावरून तुटत खाली येतो, भेगा मोठ्या आणि रंग गडद दिसतो. सोप्या चालीत एकूण साधारण तीन तास जातात, त्यातला प्रत्यक्ष बर्फावर एक-दीड तास. बाकीचा वेळ साहित्य वाटप, थोडा प्रवास आणि पायथ्याच्या दगडगोट्यांतून चालण्यात जातो. थकवणारा भाग तो दगडगोट्यांचाच असतो.

आईंचे गुडघे बरे असतील आणि त्या रोज तासभर चालत असतील तर सोपी चाल जमू शकते. क्रॅम्पॉनने उतरताना पाऊल सपाट आपटत टाकावं लागतं आणि त्याचा ताण गुडघ्यावर येतो, एवढं मात्र लक्षात घ्या. शंका असेल तर योकुलसारलोनची बोट हा उत्तम पर्याय आहे, आणि त्यात काही कमी पाहिल्यासारखं वाटण्याचं कारण नाही. तिथे दोन प्रकार आहेत. पाण्यात आणि जमिनीवर चालणारी मोठी बोट काठावरूनच माणसं घेते, अर्ध्या-पाऊण तासाची फेरी असते आणि ती सगळ्यांना झेपते. छोटी रबरी झोडियाक बोट हिमनदीच्या तोंडाच्या दिशेने लांबवर जाते, पण तिला उंची किंवा वयाची अट असते आणि पाठीला धक्के बसतात. बोटींचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. पश्चिमेला दहाएक किलोमीटरवर फ्यालसारलोन हे लहान सरोवर आहे. तिथून हिमनदी जवळ दिसते आणि गर्दीही कमी असते.

कपड्यांत सुती काही नको. जीन्स तर मुळीच नको, ती भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेते. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, वर फ्लीस, सगळ्यांत बाहेर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट आणि पँट. बूट घोट्याच्या वर येणारे, तळ न वाकणारा. धावायच्या बुटावर क्रॅम्पॉन टिकत नाही. असे बूट नसतील तर आधी कळवून भाड्याने घ्या. क्रॅम्पॉन, हेल्मेट, पट्टे आणि बर्फाची कुदळ वाटाड्याकडून मिळतात. हातमोजे जुलैतही हवेत. बर्फाचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि पडताना टेकलेला उघडा तळवा सोलून निघतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्यांचा एक हिरमोड आधीच सांगून ठेवतो. हिमनदीचं तोंड पांढरंशुभ्र नसतं. त्यावर काळे पट्टे आणि सुळके दिसतात. ती ज्वालामुखीची राख आहे. हिमटोपीवर पडलेली राख पुढच्या बर्फाखाली गाडली जाते आणि बर्फ खाली सरकून वितळू लागला की पुन्हा वर येते. पातळ राख ऊन शोषून बर्फ लवकर वितळवते. जाड थर उलट सावली धरतो, म्हणून त्याखालचा बर्फ मागे राहून सुळका तयार होतो. वाटाड्याला ते थर दाखवायला सांगा.

प्रश्न: क्रॅम्पॉन विकत घेऊन, वाटाड्याशिवाय हिमनदीच्या कडेकडेने थोडं चाललं तर?

नको. कडेचाच भाग फसवा असतो. तिथे बर्फ पातळ, खालून पाण्याने पोखरलेला आणि वर दगडमातीने झाकलेला असतो. पायाखाली जमीन आहे की पोकळ बर्फ, हे दिसत नाही. पृष्ठभागावरचं पाणी ज्या उभ्या विवरांतून आत जातं, ती काही मीटर रुंद आणि तळापर्यंत खोल असू शकतात. ताज्या बर्फाने भेगांची तोंडं झाकलेली असतात. वाटाडे रोज मार्ग बदलतात, कारण रोज बर्फ बदलतो.

गुहांबाबत तर आणखी कडक राहा. गुहा वितळलेल्या पाण्यानेच कोरली जाते, आणि उन्हाळ्यात ते पाणी वाहत असताना छत दर दिवशी पातळ होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये योकुलसारलोनच्या वरच्या ब्रेदामेर्कुर्योकुल हिमनदीवर मार्गदर्शित सहलीत बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला. व्हात्नायोकुलच्या निळ्या गुहांसाठी उन्हाळ्यात कोणी सहल विकत असेल तरी घेऊ नका. विकहून जाणारी काटला ज्वालामुखीच्या परिसरातली गुहा वर्षभर दाखवतात. तिचा बर्फ राखेने काळा असतो, तेव्हा छायाचित्रातल्या निळ्या गुहेची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

स्काफ्ताफेलजवळच्या स्विनाफेल्सयोकुल हिमनदीबद्दलही एका पत्रात विचारलं आहे. त्याच्या वरच्या डोंगराला मोठी भेग गेली असून दरड कोसळण्याच्या धोक्यामुळे २०१८ पासून तिथल्या चाली थांबवल्या गेल्या. जुन्या प्रवासवर्णनांत ती जागा भरभरून सांगितलेली असते, पण तुम्ही फाल्योकुलच घ्या.

प्रश्न: रेनिसफ्याराचा काळा किनारा खरंच इतका धोकादायक आहे का? आणि हिऱ्यांच्या किनाऱ्यावर बर्फ कधी असतो?

हो, आहे. तिथे माणसं बुडून गेली आहेत आणि त्यांतली अनेक पाण्यात उतरलेलीही नव्हती, काठावर उभी होती. दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत या लाटांना अडवणारी जमीन नाही, आणि किनाऱ्यालगत समुद्रतळ एकदम खोल जातो. त्यामुळे लाटेचा जोर उथळ पाण्यात मोडत नाही, थेट काठावर येतो. दहा-पंधरा लाटा वीस मीटरवर थांबतात आणि मग दोन लाटा एकमेकींवर चढून येणारी पुढची लाट किनाऱ्याच्या वरच्या भागापर्यंत पोचते. परतताना ती पायाखालची खडीच ओढून नेते, त्यामुळे उभं राहता येत नाही. पाणी इतकं थंड असतं की हातपाय काही मिनिटांत साथ सोडतात.

वाहनतळावरून उतरणाऱ्या वाटेवर २०२२ मध्ये इशाऱ्याचे दिवे बसवले आहेत. लाल असेल तर किनाऱ्यावर उतरायचंच नाही, वरूनच पाहायचं. इतर वेळीही शेवटच्या ओल्या रेषेपासून निदान तीस मीटर वर राहा, समुद्राकडे पाठ करू नका आणि मुलाचा हात सोडू नका. बेसाल्टच्या खांबांच्या गुहेत ओहोटी असेल तरच जा. भरतीत गुहेचं तोंड लाटांनी बंद होतं आणि मागे कडा असतो.

हिऱ्यांचा किनारा म्हणजे योकुलसारलोनचे हिमखंड समुद्रात वाहून जाऊन लाटांनी परत फेकले जातात ती वाळू. हिमनदी मागे सरकू लागल्यावर १९३० च्या दशकात हे सरोवर तयार होऊ लागलं. आता ते २४० मीटरहून खोल आहे. समुद्राकडे जाणाऱ्या नदीचं तोंड मात्र उथळ आहे, म्हणून मोठे हिमनग तिथे तळाला टेकून अडकतात आणि वितळून लहान झाल्यावरच सुटतात. भरतीत समुद्राचं पाणी सरोवरात शिरतं, ओहोटीत बाहेर पडताना बर्फ घेऊन जातं. तेव्हा भरतीनंतर पाणी उतरू लागलं की जा, आदल्या दिवशी समुद्रावरून किनाऱ्याकडे वारा असेल तर अधिक चांगलं. एखाद्या दिवशी वाळू पूर्ण रिकामी असते. अशा वेळी नदीच्या दुसऱ्या काठचा किनारा पाहा, पूल ओलांडला की तिथेही वाहनतळ आहे. किनाऱ्यावरच्या हिमखंडावर चढू नका, लाट आली की टनभर वजनाचा तुकडाही सरकतो. सरोवरातल्या हिमनगाचा तर जवळपास नऊदशांश भाग पाण्याखाली असतो, आणि तो वितळत गेला की हिमनग क्षणात उलटतो.

प्रश्न: इंधन, वाहनतळ आणि पैसे यांत काय अडचणी येतात?

पेट्रोलपंप बहुधा माणसाशिवाय चालतात आणि कार्डाला चार आकडी पिन लागतो. पिन विसरलेलं कार्ड तिथे निरुपयोगी. पंप आधी मोठी रक्कम अडवून ठेवतो आणि नंतर खरी रक्कम वळती करतो, म्हणून कार्डाची मर्यादा मोकळी ठेवा. टाकी विक, क्लौस्तुर आणि हॉप्नला भरा. योकुलसारलोनला पंप नाही. क्लौस्तुर ते हॉप्न दोनशे किलोमीटर आहेत, आणि उलट्या वाऱ्यात गाडी बरंच जास्त इंधन पिते.

बहुतेक ठिकाणी वाहनतळाचं शुल्क आहे. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो, फाटक नसतं, त्यामुळे फुकट आहे असं वाटतं. ॲपवर किंवा तिथल्या यंत्रात त्याच दिवशी भरा, नाही तर भाडेकंपनी स्वतःचं शुल्क जोडून तुमच्या कार्डावरून ते वसूल करते. स्काफ्ताफेल आणि योकुलसारलोनला साध्या गाडीला हजार क्रोनांच्या आसपास पडतात. कॅम्परव्हॅनमध्ये रात्र फक्त अधिकृत तळावर काढता येते. ड्रोन उडवायचा असेल तर राष्ट्रीय उद्यानाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि योकुलसारलोनही उद्यानातच येतं.

प्रश्न: परतीच्या दिवशी रस्ताच बंद झाला तर?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि विचारायलाच हवा. विक ते हॉप्न या पट्ट्यात दुसरा डांबरी रस्ता नाही. हिमटोपीखालच्या उष्णतेने साठलेलं पाणी एकदम फुटून येतं. नोव्हेंबर १९९६ मध्ये अशा पुराने स्केदारारसांदुरवरचे पूल मोडले, त्यांच्या वाकलेल्या तुळया स्काफ्ताफेलजवळ रस्त्याकडेला ठेवलेल्या आहेत. जुलै २०११ मध्ये विकच्या पूर्वेचा मूलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून गेला. जुलै २०२४ मध्ये त्याच भागात पुराने रस्ता क्रमांक १ चा तुकडा तोडला. त्याहून कितीतरी जास्त वेळा रस्ता वादळाने काही तास बंद होतो.

हॉप्नला अडकलात तर उत्तरेकडून फिरून रेक्याविकला यायला सुमारे ८६० किलोमीटर पडतात. एका दिवसात ते करू नये, दोन दिवस हवेत. म्हणून विमानाच्या आदल्या रात्री केफ्लाविकजवळ आणि त्याच्या आदल्या रात्री विकच्या पश्चिमेला असायचं, हा नियम मोडू नका. वरच्या वाटणीत पाचवी रात्र हेल्लाजवळ ठेवली आहे ती याचसाठी. पूर्वेकडची खोली शक्यतो ऐनवेळी रद्द करता येणारी घ्या.

निघण्याआधी ‘११२ आइसलंड’ हे ॲप फोनमध्ये घाला. त्यातून संकटात ठिकाणासह संदेश जातो. ‘सेफट्रॅव्हल’ या संकेतस्थळावर प्रवासाचा आराखडाही नोंदवता येतो. विकमध्ये असताना काटलाचा इशारा देणारा संदेश फोनवर आला तर गाडीतलं सामान आवरत बसू नका. टेकडीवरच्या चर्चकडे जा, गावाचा ठरलेला निवारा तोच आहे.